क्लिक वाजतो, चेन भलतीकडेच: जुने शिफ्टर आणि मागच्या चकत्यांची जोडी जुळत नसेल तर

आधी लक्षणं. जुन्या गिअरच्या सायकलीवर यातलं एक जरी होत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- शिफ्टरचा (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याचा) क्लिक स्पष्ट वाजतो, चेन हलत नाही. पुढचा क्लिक दिला की एकदम दोन चकत्या ओलांडते.
- छोट्या चकत्यांवर सगळं ठीक, मोठ्यांवर खरखर. वायर ताणून मोठ्या नीट केल्या की छोट्या बिघडतात.
- मोठ्या चकतीकडे चेन झटकन चढते, पण उतरताना रेंगाळते.
- चेन एका चकतीवर बसलेली असूनही शेजारचीला घासत राहते.
- स्टँडवर सायकल गुणी बाळ, चढावर जोर लावला की कडकन सटकते.
- शिफ्टरचं बटण पोकळ लागतं, दाबलं तरी काही अडकतच नाही.
- दुकानातून गिअर सेट करून आणले की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

शेवटचं लक्षण सगळ्यांत बोलकं आहे. वायरचा ताण बदलणारा नॉब फिरवून झालेला असतो आणि दोष नॉबमध्ये नसतोच. आपल्याकडे हे बहुतेकदा असं घडतं: अठरा गिअरची, म्हणजे पुढे तीन आणि मागे सहा चकत्यांची जुनी सायकल असते. मागचं फ्रीव्हील, म्हणजे चकत्यांचा अख्खा संच, झिजतं. सहाचं मिळत नाही, म्हणून दुकानदार सातचं चढवतो. दोन्हींच्या आतले आटे एकच, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, त्यामुळे ते हबवर व्यवस्थित बसतं. पण आटे जुळले म्हणून गिअर जुळत नाहीत. शिफ्टर सहाचाच राहिलेला असतो.

दोष कुठे राहतो

१९८४ मध्ये शिमानो या जपानी कंपनीने ड्युरा-एस या आपल्या वरच्या संचात एसआयएस, म्हणजे क्लिकवर गिअर बदलायची पद्धत, आणली. तोवर बहुतेक गिअर 'फ्रिक्शन'चे होते: दांडी सरकवायची, चेनचा आवाज ऐकायचा, खरखर थांबली की दांडी सोडायची. मागे कोणाचं फ्रीव्हील आहे याच्याशी दांडीला देणंघेणं नव्हतं. एसआयएसने हा अंदाज शिफ्टरच्या पोटातल्या खाचांकडे सोपवला. एक क्लिक म्हणजे वायरची ठरलेली लांबी. ती डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा, दोन छोट्या चाकांचा मागचा भाग) ठरलेल्या पटीत सरकवते आणि ते सरकणं दोन चकत्यांमधल्या अंतराइतकं यावं लागतं.

शिमानोच्या सात-आठ-नऊ गिअरच्या जुन्या डिरेलरची ही पट साधारण १.७ आहे. सातच्या शिफ्टरचा एक क्लिक सुमारे २.९ मिमी वायर ओढतो, म्हणजे डिरेलर ५ मिमीच्या आसपास सरकतो. सात चकत्यांच्या संचात एका चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ५ मिमीच असतात. आठच्या संचात हे अंतर ४.८, नऊच्या ४.३५ आणि जुन्या सहाच्या संचात ५.५ पर्यंत. एका क्लिकला अर्धा मिलिमीटर फरक पडला तर डोळ्यांना दिसणारही नाही. पाच क्लिकनंतर तोच अडीच मिलिमीटर होतो, म्हणजे चेन दोन चकत्यांच्या बरोबर मध्ये लोंबकळते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी चूक कशी पसरते ते बघायचं. सायकल स्टँडवर घ्या किंवा मागचं चाक उचलून धरायला कोणाला तरी उभं करा. चेन सगळ्यांत छोट्या चकतीवर आणा, पहिला क्लिक नीट दुसऱ्या चकतीवर बसेल इतपत वायरचा ताण ठेवा, मग मागून डिरेलरच्या वरच्या चाकाकडे बघत एकेक क्लिक द्या.

चूक प्रत्येक गिअरला सारखीच असेल तर ताण चुकलाय. चढताना एक आणि उतरताना वेगळी असेल तर वायर कुठेतरी अडकतेय. एकाच चकतीवर असेल तर त्या चकतीचा दाता झिजलाय किंवा वाकलाय. क्लिकगणिक वाढत जात असेल तर शिफ्टर आणि चकत्यांची जोडी चुकलीय. यातही दिशा महत्त्वाची. वरचं चाक दर क्लिकला स्पोकच्या बाजूला जास्त जास्त पुढे पळत असेल तर शिफ्टरचं पाऊल मोठं आणि चकत्या दाट आहेत, उदाहरणार्थ सहाचा शिफ्टर आणि सातचं फ्रीव्हील. मागे पडत असेल तर उलट.

हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. पण वाढत जाणाऱ्या चुकीला आणखी दोन कारणं असू शकतात, त्यामुळे लगेच फ्रीव्हील बदलायला धावू नका.

१. मोजा

मागच्या चकत्या मोजा, शिफ्टरचे क्लिक मोजा. सातच्या शिफ्टरला सहा क्लिक असतात, कारण पहिली जागा क्लिकशिवायची. शिफ्टरच्या खिडकीतल्या आकड्यांवर विसंबू नका. जुन्या सायकलींचे ते पुसलेले असतात, किंवा शिफ्टरच कोणीतरी बदललेला असतो. क्लिक चकत्यांपेक्षा एकाहून जास्त कमी भरत असतील तर स्क्रूने डिरेलरला आधीच अडवलंय का याची खात्री करायला वायर डिरेलरच्या बोल्टमधून सोडवा, टोक पकडीने ताणून धरा आणि पुन्हा मोजा.

शिफ्टरच्या खालच्या बाजूला आणि डिरेलरच्या मागच्या अंगाला बारीक अक्षरांत नंबर असतो. मोबाइलने फोटो काढून ठेवा, पुढे लागेल. आणि मालकाला विचारा, शेवटचं काय बदललं होतं? अर्धं निदान तिथेच होतं. 'काही नाही हो, फक्त चाक बदललं' असं उत्तर आलं तर चाकाबरोबर चकत्याही बदलल्या असतील हे समजून घ्या.

२. वायर बोल्टखाली कुठून गेलीय

हे सहसा कोणी बघत नाही. डिरेलरवर वायर जिथे बोल्टखाली दाबली जाते तिथे वॉशरखाली एक उथळ खाच असते. वायर त्या खाचेतच हवी. घाईत ती बोल्टच्या दुसऱ्या बाजूने घातली गेली तर ओढणाऱ्या बिंदूचं अंतर बदलतं आणि त्याबरोबर ती १.७ ची पटही. मग शिफ्टर, चकत्या, सगळं मूळचं असूनही चूक क्लिकगणिक वाढत जाते आणि हुबेहूब चुकीच्या जोडीसारखी दिसते. बोल्ट सैल करा, खाच शोधा, वायर तीत बसवा. ५ मिमीची अॅलन की किंवा ९ नंबरचा पाना, बस्स.

३. हँगरची पट्टी

स्वस्त सायकलींना डिरेलर फ्रेमच्या हँगरवर, म्हणजे तो टांगायच्या कानावर, न बसवता एका लोखंडी पट्टीवर बसवतात आणि ती पट्टी मागच्या चाकाच्या नटाखाली दाबलेली असते. पंक्चर काढताना चाक काढलं की ही पट्टी सुटते आणि परत बसवताना तिरकी बसते. नट सैल करा, पट्टी फ्रेमच्या खाचेत पूर्ण आत ढकला, चाक मध्यभागी आणा, नट आवळा. पट्टीच वाकली असेल तर ती बदलायला फारसा खर्च नाही.

४. वायर आणि आउटर

उतरताना रेंगाळणाऱ्या चेनचा पहिला संशयित हाच. मोठ्या चकतीकडे तुम्ही वायर ओढता, म्हणजे तुमच्या अंगठ्याचा जोर असतो. छोट्या चकतीकडे मात्र डिरेलरची स्प्रिंगच काय ते ओढते, आणि तिच्यात गंज ओढायची ताकद नाही. मागच्या डिरेलरपाशी आउटरचा, म्हणजे वायरवरच्या नळीचा, जो वळसा असतो त्यात पावसाचं पाणी उतरून साठतं. पावसाळ्यानंतर येणाऱ्या सायकलींत मी आधी तोच तुकडा काढतो.

तपासायची युक्ती: फ्रेमच्या खालच्या नळीवर जिथे वायर उघडी असते, तिथे ती बोटाने बाहेर ओढा आणि सोडा. डिरेलर झटकन मागे यायला हवा. अडखळत आला तर वायर आणि आउटर दोन्ही बदला. नुसती वायर बदलून गंजलेलं आउटर ठेवणं म्हणजे अर्धं काम.

इथे आणखी एक भानगड असते. गिअरचं आउटर आणि ब्रेकचं आउटर वेगळं. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि ते साधारण ५ मिमी जाड असतं. क्लिकच्या गिअरसाठीच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ जातात आणि ते बहुतेकदा ४ मिमीचं असतं. गुंडाळलेली तार दाबली की आखडते, आखडली की क्लिकमधली वायर तिथेच खर्ची पडते. बऱ्याच सायकलवाल्यांकडे ब्रेकचंच आउटर असतं आणि तेच लावलं जातं. फ्रिक्शनच्या काळात चालायचं, आता नाही. उलटं मात्र कधीच करू नका: गिअरचं सरळ तारांचं आउटर ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबताना ते फाटू शकतं.

ओळखायचं कसं? सायकल स्टँडवर असताना चाक फिरवत हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. शिफ्टरला हात न लावता गिअर बदलला, तर आउटर आखूड आहे किंवा चुकीच्या जातीचं आहे. तुकडे कापताना टोक चपटं होऊ देऊ नका आणि प्रत्येक टोकाला टोपी घाला.

५. मग नॉब आणि दोन स्क्रू

आता नॉब फिरवायला हरकत नाही. डिरेलरवरच्या 'एच' स्क्रूने छोट्या चकतीच्या बाहेर जाणं अडतं, 'एल'ने मोठ्या चकतीच्या पलीकडे. वायर सैल असतानाच 'एच' लावा: वरचं चाक छोट्या चकतीच्या सरळ खाली यायला हवं. 'एल' लावताना डिरेलर हाताने आत ढकला आणि बघा. मोठ्या चकतीपलीकडे चेन गेली तर ती स्पोकमध्ये शिरते, चाक जागेवर अडतं, डिरेलर मुरगळतो, कधी फ्रेमचा हँगरही जातो. उतारावर हे झालं तर सायकलीपेक्षा माणसाचं नुकसान जास्त. फ्रीव्हील बदललं की 'एल' पुन्हा लावायचाच, कारण नव्या फ्रीव्हीलची मोठी चकती जुन्याच्याच जागी येईल असं नाही.

नॉबने ताण घ्या आणि वर सांगितलेली पाहणी परत करा. चूक आता कुठेच दिसत नसेल तर इथेच थांबा, काम झालं.

६. शिफ्टर पोकळ असेल तर

नव्वदच्या दशकातले बटणवाले शिफ्टर माझ्याकडे सगळ्यांत जास्त येतात, आणि बहुतेकांचं निदान 'शिफ्टर गेला, नवा घ्या' असं आधीच झालेलं असतं. गेलेला नसतो. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं, त्यामुळे खाचेत पडणारी छोटी कुत्री (क्लिक अडकवणारा लोखंडी तुकडा) जागेवर परत येत नाही. बाहेरचं प्लास्टिकचं झाकण काढा, आतला भाग उघडायचा नाही. डब्ल्यूडी-४० नळीने आत सोडा, बटणं दाबत राहा, थोडा वेळ ठेवा, पुन्हा सोडा. काळपट घाण बाहेर येऊ लागते आणि बहुधा क्लिक परत येतात. शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-चार थेंब घाला, कारण डब्ल्यूडी-४० स्वतः वंगण म्हणून टिकत नाही. परत ग्रीस भरू नका.

७. डिरेलर कुठल्या घरचा

दर क्लिकला चेन जवळजवळ दीड चकती जातेय, किंवा अर्ध्यावरच अडतेय? चूक इतकी ढोबळ असेल तर चकत्या नव्हे, शिफ्टर आणि डिरेलर एकमेकांचे नाहीत. स्रॅम कंपनीचे 'एकास एक' जातीचे शिफ्टर एका क्लिकला ४ मिमीच्या आसपास वायर ओढतात आणि त्यांचे डिरेलर ती थोड्याच पटीने वाढवतात. तो शिफ्टर शिमानोच्या १.७ पटीच्या डिरेलरला जोडला की एका क्लिकला सुमारे ७ मिमी उडी. उलट जोडलं तर ३ मिमीच. नॉबने हे सुटणं शक्य नाही. फिरवायच्या मुठीचे सगळेच स्रॅम शिफ्टर मात्र या जातीचे नाहीत. 'एमआरएक्स' मालिका शिमानोच्या डिरेलरसाठीच बनवलेली आहे. म्हणून नंबरचा फोटो.

शिमानोच्या घरातही दोन अपवाद लक्षात ठेवा. जुना ड्युरा-एस, म्हणजे नऊ गिअर येण्याआधीचा, बाकी शिमानोशी जुळत नाही. त्याचा शिफ्टर आणि त्याचा डिरेलर एकमेकांसोबतच चालतात. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कोणी जुनी रोड सायकल स्वस्तात उचलली असेल तर हे आधी बघावं. दुसरा अपवाद दहा गिअरच्या डायना-सिस डिरेलरांचा. ते माउंटन सायकलींचे आहेत आणि त्यांची पट वेगळी. जुना डिरेलर मोडला म्हणून दुकानातला नवा चकचकीत दहाचा लावला, की सगळं विस्कटतं. त्या मानाने सात-आठ-नऊसाठीचा साधा शिमानो डिरेलर बिनदिक्कत लावावा, त्याला मागे किती चकत्या आहेत याची फिकीर नसते. मोजणारा शिफ्टर असतो, डिरेलर नाही.

कॅम्पाग्नोलो कंपनीचं गणित आणखी निराळं (आठला ५ मिमी, नऊला ४.५५), आणि सनटूर कंपनीच्या अॅक्युशिफ्ट या क्लिकच्या पद्धतीच्या काही फ्रीव्हीलमध्ये तर चकत्यांमधली अंतरं एकसारखीसुद्धा नव्हती. या दोन्हींच्या बाबतीत मी जोड्या लावत बसत नाही, सरळ फ्रिक्शनकडे जातो. त्याबद्दल खाली.

८. आता चकत्यांचं अंतर मोजा

एवढं सगळं ठीक आणि चूक तरीही वाढतेय, तर आता मोजमाप. चाक काढा. स्टीलची फूटपट्टी सगळ्यांत छोट्या चकतीच्या बाहेरच्या अंगाला टेकवून आडवी धरा, अशी की तिचं टोक मोठ्या चकतीच्या दातांवर यावं. पट्टीच्या आतल्या कडेपासून मोठ्या चकतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत व्हर्निअरने किंवा दुसऱ्या पट्टीने खोली घ्या. त्या आकड्याला चकत्यांपेक्षा एकाने कमी संख्येने भागा. सात चकत्या आणि खोली ३० मिमी, तर ३० भागिले ६, बरोबर ५. आठच्या संचाला ३३.६ च्या जवळ, नऊला ३४.८, जुन्या रुंद सहाला २७.५ पर्यंत. सहाच्या बाबतीत मोजल्याशिवाय बोलू नका, त्यात दाट आणि रुंद दोन्ही प्रकार निघाले आहेत. सनटूरने तर सहा चकत्या पाचच्या जागेत बसवून विकल्या होत्या.

आता हिशेब. सातचा शिफ्टर आठच्या संचावर: दर क्लिकला ०.२ मिमी फरक. मधली चकती बरोबर जुळवली तर दोन्ही टोकांना ०.६. शिमानोच्या वरच्या चाकाला मुद्दाम थोडी बाजूची हालचाल दिलेली असते, ती एवढं पोटात घालते. आठचा शिफ्टर सातवर असतानाही तसंच, एक क्लिक फुकट जातो इतकंच. कंपनी याला मान्यता देत नाही, पण चालवणाऱ्याची तक्रार नसेल तर मी अशा सायकलीला हात लावत नाही. अशा जोडीत ताण छोट्या टोकाकडून नाही, मधल्या चकतीवरून लावायचा.

आठचा शिफ्टर नऊवर: दर क्लिकला ०.४५, सात क्लिकमध्ये तीन मिलिमीटरच्या वर. हे जमत नाही. सहाचा रुंद शिफ्टर सातवर हेही जमत नाही, आणि एक चकती वाया जाते ती वेगळीच.

९. चेन

चेनची जाडी बाहेरून मोजा. सात-आठ गिअरची चेन ७.१ ते ७.३ मिमी, नऊची ६.६, दहाची ६ च्या आसपास. सात-आठची चेन नऊच्या संचावर घातली की ती शेजारच्या चकतीला घासणारच, गिअर कितीही जुळवा. आपल्याकडे आणखी एक प्रकार दिसतो: काळ्या साध्या सायकलीची जाड चेन गिअरच्या सायकलीला. ती आतून १/८ इंच रुंद, गिअरच्या चेनला ३/३२ इंच लागतं. चकतीवर बसते, पण बाहेरून जाड असल्याने शेजारच्या चकतीत अडकते.

चढावर सटकणाऱ्या सायकलीत मात्र जाडी नाही, झीज बघा. चेन ताणून एका पिनच्या मध्यापासून चोवीस अर्ध्या कड्या मोजा. नव्या चेनवर बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिमी भरतात. ३०६.४ झाले तर चेन बदला. ३०८ पर्यंत गेली असेल तर तिने चकत्याही खाल्लेल्या असतात. तेव्हा नुसती नवी चेन घातली तर जुन्या दातांवरून ती आणखीच उड्या मारते आणि लोक नव्या चेनला शिव्या घालतात.

१०. जोडी जुळवायचे तीन मार्ग

निदान पक्कं झालं की पैसे कुठे घालायचे हा प्रश्न.

फ्रीव्हीलला मिळता शिफ्टर घेणं बहुतेकदा सगळ्यांत सोपं. सातचा साधा शिमानो शिफ्टर अजून सहज मिळतो, सहाचं चांगलं फ्रीव्हील शोधत बसण्यापेक्षा हे बरं. फक्त सातचं फ्रीव्हील सहापेक्षा रुंद असतं, त्यामुळे छोट्या चकतीवरची चेन फ्रेमला घासत नाही ना ते बघा. घासत असेल तर कण्यावर त्या बाजूला एक वॉशर वाढवावा लागतो आणि मग चाक मध्यावर आणायला स्पोक ओढावे लागतात.

शिफ्टर चांगल्या प्रतीचा असेल तर उलट करा, त्याच्या अंतराचं फ्रीव्हील आणा. आणताना मोठ्या चकतीचे दाते मोजा. २८ दात्यांपर्यंतचा डिरेलर ३४ दात्यांच्या मेगारेंज फ्रीव्हीलवर लावला तर वरचं चाक चकतीला घासतं, कितीही स्क्रू फिरवा.

तिसरा मार्ग फ्रिक्शनचा, आणि माझं मत विचाराल तर जुन्या, तुकड्या-तुकड्यांनी जमवलेल्या सायकलीला हाच. जुन्या शिमानो थंब शिफ्टरवर (अंगठ्याने सरकवायच्या दांडीचा शिफ्टर) एक कडी असते, ती फिरवली की क्लिक बंद होतात आणि दांडी मोकळी सरकते. तुमच्या शिफ्टरला ती कडी असेल तर हा उपाय फुकट आहे. आधी करून बघा, बाकीचं नंतर. नसेल तर मायक्रोशिफ्ट आणि सनरेसचे असे थंब शिफ्टर नवे मिळतात. पुण्यात असाल तर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नजर ठेवा. फ्रिक्शनला सहा, सात, आठ, सनटूर, कॅम्पाग्नोलो, सगळं सारखंच. वाकडा हँगर आणि थोडी गंजलेली वायरसुद्धा तो चालवून घेतो. शाळकरी मुलांना मात्र देऊ नका. पहिले काही दिवस ती वैतागतात आणि मग एकाच गिअरवर सायकल चालवतात.

११. हँगर

वाढत्या चुकीचं दुसरं नकली कारण हे. सायकल उजव्या अंगावर पडली की डिरेलरचा हँगर आत वाकतो. मागून बघा: डिरेलरची दोन्ही चाकं आणि चकत्या एका उभ्या प्रतलात हव्यात. बहुतेक हँगरचे आटे १० मिमी, १ मिमी पिचचे असतात आणि क्विक रिलीजच्या (पान्याशिवाय निघणाऱ्या) बऱ्याच मागच्या चाकांच्या कण्याचेही तेच. डिरेलर काढून तिथे दुसऱ्या चाकाचा कणा फिरवून बसवला तर ते चाक सायकलीच्या चाकाला समांतर दिसायला हवं. नसेल तर किती आणि कुठे वाकलंय ते लांबूनही कळतं.

लोखंडी फ्रेमचा हँगर सावकाश सरळ करता येतो. अॅल्युमिनियमचा फ्रेममध्येच घडवलेला असेल तर हात लावू नका. तो एकदा वाकतो, दुसऱ्यांदा तुटतो, आणि मग फ्रेमच जाते.

इथे थांबा, जाणत्याकडे न्या

जुनं फ्रीव्हील निघत नसेल तर हातोडी-छिन्नी घेऊ नका. त्याच्या खाचांचा नेमका पाना, तो घट्ट धरणारा बाकाचा व्हाइस आणि चाक हातात धरून फिरवणं, एवढं लागतं. खाचा गोल झाल्या की मग कापूनच काढावं लागतं. मुळात ते फ्रीव्हील आहे की कॅसेट (चकत्यांचा असा संच, ज्याची खटक्याची यंत्रणा हबमध्ये असते), हे आधी ठरवा: चकत्या उलट फिरवा. पाना बसतो तो आतला खाचांचा भाग चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट, स्थिर राहिला तर फ्रीव्हील. दोघांचे पाने दिसायला सारखे, पण वेगळे.

फ्रेम रुंद करायची वेळ आली तरी थांबा. जुन्या सहा-सातच्या रोड फ्रेममध्ये मागे १२६ मिमी जागा असते, आठपासून पुढे १३०, माउंटन सायकलीला १३५. चार मिलिमीटर लोखंडी फ्रेम जाणकार ओढून देतो, मग चाक बसतं त्या फ्रेमच्या दोन्ही खाचा समांतर आहेत का ते मोजतो. अॅल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम कोणीच ओढू नये, त्यानेही नाही.

ब्रेक आणि गिअर एकत्र असलेले रोड सायकलीचे लिव्हर उघडू नका. तेल सोडून जमलं नाही तर बस. हँगरपाशी चीर दिसली, चेन एकदा स्पोकमध्ये जाऊन स्पोक कापले गेले असतील, किंवा पॅडल मारताना फ्रीव्हील आतल्या आत रिकामं फिरत असेल, तर सायकल चालवत दुकानात नेऊ नका, ढकलत न्या.

नेताना शिफ्टर आणि डिरेलरच्या नंबरचे फोटो, चकत्यांची संख्या, मोजलेली खोली आणि चूक सारखी राहते की वाढत जाते, एवढं कागदावर लिहून न्या. आणि फ्रीव्हील बदलायचं ठरलं तर जुनं टाकून न देता परत मागून घ्या. पुढच्या वेळी मोजायला ते लागतं.